वाचकांचे प्रश्न : एक हजारावर शंभर कोटी

प्रश्न : आजोबांच्या पेटीत १००० मार्कांची जर्मन नोट सापडली. तारीख १५ डिसेंबर १९२२, पण वरून लाल अक्षरांत 'आइनं मिलियार्डं मार्क' छापलंय. छाप खरा का? नोट जपायची कशी?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : छाप सरकारीच. जानेवारी १९२३मध्ये फ्रेंच आणि बेल्जियन फौजा जर्मनीच्या रूर या औद्योगिक भागात घुसल्या. तिथल्या कामगारांनी निषेध म्हणून काम थांबवलं आणि त्यांचे पगार जर्मन सरकारनं नोटा छापून दिले. तिथेच मार्काची घडी पार विस्कटली, त्याची किंमत कोसळत गेली. नव्या नोटेचा नमुना तयार होईतो जुनी किंमत निरर्थक व्हायची, म्हणून तयार हजारीवरच नवा आकडा उमटवला.

आकडे वाचताना घोटाळा होतो. मिलियार्डं म्हणजे शंभर कोटी. जर्मन 'बिलियोन' मात्र एक लाख कोटी, इंग्रजीतल्या बिलियनच्या हजारपट! २० नोव्हेंबरला डॉलर ४.२ लाख कोटी मार्कांना होता, म्हणजे एका डॉलरला तुमच्या नोटेसारख्या ४२०० नोटा. १५ नोव्हेंबरला आलेल्या रेंटेनमार्क या नव्या चलनाच्या एका मार्कासाठी अशा १००० लागत.

लॅमिनेशन अजिबात करू नका, ते निघत नाही. फाटलेल्या कडेला सेलोटेपही नको, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. पीव्हीसीऐवजी पॉलिएस्टरच्या पाकिटात, घडी उलगडून सपाट ठेवा. इंदूरच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच. बँकेत ही नोट बदलून मिळणार नाही. अशा नोटा भरपूर उरल्यात, त्यामुळे संग्राहकही फार देत नाहीत. तरी विकू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं.