हाताला वाळलेला रंग, आतून ओलाच

गाडी आणि रंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे दहा वर्षं जुनी गर्द निळी गाडी आहे. बोनेट, टप आणि डावीकडचे दोन्ही दरवाजे गेल्या आठवड्यात उद्यमनगरात रंगवून घेतले. गाडी देताना पेंटर "जरा जपा" एवढंच म्हणाला. शेजारी म्हणतात, लगेच वॅक्स मार. एक कोटिंगवाला म्हणतो, याच आठवड्यात सिरॅमिक (रंगावर बसणारा कडक संरक्षक थर) केलंत तर कमी पैशांत करून देतो. आणि सासरे म्हणतात, कव्हर घाल आणि महिनाभर पाणीसुद्धा लावू नको. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर

उत्तर : वॅक्स नाही, सिरॅमिक नाही आणि कव्हरही नाही. पण गाडी धुवायची, आणि वेळच्या वेळी धुवायची. सासऱ्यांची काळजी रास्त आहे, उपाय तेवढा बदला.

आधी कारण सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. तुमच्या गाडीवर आधी बेसकोट मारला, म्हणजे निळा रंग. त्यावर क्लिअर, म्हणजे चमक देणारा पारदर्शक थर. क्लिअर मारण्याआधी त्यात हार्डनर मिसळतात आणि दोन्हींची रासायनिक गाठ पडून थर घट्ट होत जातो. चांगल्या बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीत, गाडी ६० अंशांवर अर्धा तास भाजतात. बाहेर आली की बोटाचा ठसा उठत नाही, धूळ चिकटत नाही, आणि गिऱ्हाईक खूश होऊन चावी घेतं. पण थरात थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण, शिल्लक असतं. ते पुढचे कितीतरी दिवस हळूहळू वर येऊन उडत राहतं. भिंतीचा नवा गिलावा वरून सुकलेला दिसला म्हणून त्यावर दुसऱ्या दिवशी कुणी ऑइलपेंट ओढत नाही, हेही तसंच.

कंपनीत गाडी साधारण १४० अंशांवर भाजतात, म्हणून तिथला रंग तिथंच पक्का होतो. आम्ही गॅरेजवाले ते करू शकत नाही. कंपनीत भट्टीत जातो तो नुसता पत्र्याचा सांगाडा. तुमची गाडी येते ती सीट, वायरिंग, रबर, प्लॅस्टिक सगळं घेऊन. एवढ्या आचेत त्यातलं निम्मं वितळेल.

आता या ओल्या थरावर वॅक्स किंवा सिरॅमिक बसवलं, की थिनरची वाट बंद होते. मग काही आठवड्यांत चमक मरते, उन्हात ढगाळ पट्टे दिसायला लागतात, आणि क्लिअर जाड मारलेलं असेल तर बारीक फोडही येतात. सिरॅमिकचा धोका आणखी मोठा. ते लावण्याआधी मशिननं पॉलिश मारतात. म्हणजे क्लिअरचा वरचा पदर घासून काढतात. सगळं क्लिअर मिळून ४० ते ६० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बहुतेकदा डोक्याच्या केसाहूनही बारीक. त्यातलं काही पहिल्याच आठवड्यात, थर मऊ असताना, घालवायचं? स्वस्तात देतो म्हणणाऱ्याला सांगा, दोन महिन्यांनी येतो. तेव्हाही तोच दर दिला तर माणूस चांगला.

किती थांबायचं? बूथमध्ये भाजलेला रंग असेल तर निदान महिनाभर. शेडमध्ये उघड्यावर वाळवलेला असेल तर दोन-तीन महिने. क्लिअर कुठलं मारलं आणि भाजलं का, हे पेंटरला फोन करून विचारा. चांगला कारागीर असल्या प्रश्नावर चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं. घरच्या घरी बघायचं असेल तर दुपारी गाडी तासभर उन्हात असताना रंगवलेला दरवाजा उघडा आणि आतल्या कडेला, जिथं रंग वळून आत जातो, तिथं नाक न्या. थिनरचा गोडसर वास येत असेल तर अजून थांबायचं.

कव्हर का नको, तेही सांगतो. कव्हरखाली दमट हवा कोंडते, कापडाचा पोत मऊ रंगावर उठू शकतो, आणि वाऱ्यानं कव्हर हललं की आतली धूळ रात्रभर गाडीवर घासली जाते. छपराखाली मोकळ्या हवेत लावा. छप्पर नसेल तर उघड्यावर चालेल, पण झाडाखाली नको.

आता धुणं. पहिला आठवडा शाम्पू नको आणि हातही नको. घाण बसलीच तर पाइपनं साधं पाणी सोडा आणि आपोआप निथळू द्या. पाऊस लागला तर घाबरायचं कारण नाही, नंतर एकदा स्वच्छ पाणी सोडलं की झालं. आठवड्यानंतर गाडीचा सौम्य शाम्पू घ्या. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण नको. पावडर पाण्यात पूर्ण विरघळत नाही आणि तिचे खडे फडक्यात अडकतात. चमक येते म्हणून डिझेलचा बोळा फिरवायची खोड आपल्याकडे अजून आहे. ताज्या रंगावर डिझेल किंवा रॉकेल लागता कामा नये, थर आणखी मऊ पडतो.

बोनेटवर तळहात ठेवून बघा. गरम लागलं तर थांबा. गाडी सावलीत घ्या. आधी नुसत्या पाण्यानं टपापासून खालपर्यंत सगळी धूळ उतरवा. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण पत्र्यावर खडा राहिला नाही तर चरा पडणार कशानं? मग दोन बादल्या : एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पत्रा पुसायचा, साध्या पाण्यात खळखळून झाडायचा, मग पुन्हा शाम्पूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी शेवटी जो गाळ दिसेल तो बघा. एकच बादली असती तर तो पुन्हा गाडीवर चोळला गेला असता. हात वरून खाली, आणि गोल गोल नाही, सरळ. दरवाजाच्या खालच्या पट्ट्या आणि चाकाच्या कमानी सगळ्यात शेवटी, आणि त्यांच्यासाठी वेगळं फडकं. वाळवताना टॉवेल घासायचा नाही, पत्र्यावर पसरून पाणी टिपून घ्यायचं. टॉवेल खाली पडला तर त्या दिवसापुरता बाजूला.

वॉशिंग सेंटरला महिनाभर नेऊ नका. तिथला ब्रश सकाळपासून चिखलाच्या गाड्यांवर फिरलेला असतो. प्रेशरच्या पाण्याचा फवाराही कडांवर, विशेषतः बंपरच्या आणि दरवाजाच्या, जवळून मारला तर रंग उचलला जाऊ शकतो. पुढंही नोझल दोन हात लांब ठेवायला सांगा.

आणि फुलेवाडीत राहता म्हणून मुद्दाम. उसाचा हंगाम सुरू झालाय. संध्याकाळी कुठं फड पेटवला की जळलेल्या पाचटाची काळी पात वाऱ्यावर येऊन गाडीवर बसते. ती हातानं किंवा फडक्यानं पुसायची नाही. एक तर काळा फराटा उठतो, आणि दुसरं म्हणजे उसाच्या पाल्यात सिलिका असतं, ते राखेतही उरतं आणि ताज्या क्लिअरवर चरे पाडतं. नुसती फुंकर किंवा पाणी. पाखराची शीट मात्र लगेच काढा, धुण्याच्या दिवसाची वाट बघू नका. तिच्यात आम्ल असतं, आणि उन्हात तापलेल्या मऊ रंगात ते खोल उतरतं. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवायचं, शीट भिजून सैल झाली की उचलून घ्यायची. घासायची नाही.

प्रश्न : आमची पांढरी गाडी आत्ताच पूर्ण रंगवून आणली आहे. घरात दोन विचार चालू आहेत : आधी अंबाबाईच्या दर्शनाला नेऊन पूजा करायची आणि मग रविवारी जोतिबाला जायचं. गुलालानं रंग खराब होईल का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : देवदर्शन थांबवा असं मी कोण सांगणार? जरूर जा, थोडी काळजी घ्या.

पूजेला हळद-कुंकू थेट बोनेटवर नको. हळदीचा रंग पांढऱ्या ताज्या थरात शिरला की लवकर निघत नाही. स्वस्तिक समोरच्या काचेवर काढा, तिथं ते उठूनही दिसतं. हार तारेनं बांधायचा नाही. सुती दोऱ्यानं ग्रिलला बांधा आणि घरी पोचल्यावर लगेच काढा. झेंडूच्या पाकळ्या ओल्या होऊन चिकटल्या तर पिवळे डाग सोडतात. चिकटपट्टी तर कुठंच लावू नका. ती ओढताना ताजा रंगही सोबत येतो. लग्नाच्या गाड्या सजवून झाल्यावर असे टवके उडालेले दरवाजे आमच्याकडे येतात. नारळ चाकाशेजारी जमिनीवर फोडा.

जोतिबाचं म्हणाल तर वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, गुलाल लागणारच, तो टाळायचा प्रश्नच नाही. गाडी शक्य तेवढी लांब लावा आणि चालत जा. परतल्यावर गुलाल कोरडा असेल तोवर निम्मं काम सोपं. वायपर चालू करू नका, फडकं लावू नका. ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे हवा असेल तर लांबून हलक्या हवेनं तो उडवून घ्या, मग भरपूर पाणी सोडा, मग शाम्पू. कोरड्या गुलालावर ओलं फडकं फिरवलं की त्याचा लगदा होतो आणि रंग सुटून पांढऱ्यावर गुलाबी झाक बसते. तशी झाक उरलीच तर थिनर लावू नका. काही दिवस ऊन लागू द्या, दोन-तीन धुण्यांत ती बरीच फिकी होते. दरवाजाची रबरं, बोनेट आणि काचेमधली फट, पेट्रोलच्या झाकणाची खाच या जागा उघडून धुवा. तिथं राहिलेला गुलाल पुढच्या पावसात वाहून खाली ओघळतो. आणि डोंगरावर असताना एसीची हवा आतल्या आत फिरती ठेवा.

जोतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंत तुमचा रंग पक्का झालेला असेल. त्याआधी एक चांगला वॅक्सचा हात द्या, म्हणजे गुलाल चिकटायला जागाच राहणार नाही.

प्रश्न : शोरूममधून कोरी गाडी घेतली. तिलाही महिनाभर वॅक्स लावायचं नाही का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : लावा, खुशाल लावा. वर सांगितलं तसं कंपनीचा रंग भट्टीतून पक्का होऊनच निघतो. महिन्याची अट दुरुस्तीनंतर मारलेल्या रंगाला. फक्त ताब्यात घेताना उन्हात फिरून बघा, वाहतुकीत चरा पडून एखादा पत्रा परत रंगवलेला नाही ना. रंगाची जाडी मोजायचं छोटं मशिन मिळतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतो, रंगवलेला पत्रा बहुधा त्याहून बराच जास्त.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटमध्ये वॉचमन दर महिन्याला ठरावीक पैसे घेऊन रोज पहाटे सगळ्या गाड्या पुसतात. गाडी स्वच्छ दिसते, पण उन्हात बोनेटवर गोल गोल बारीक चरे दिसतात. रंगच हलका होता का?
— एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : रंगाचा दोष नाही. रोज पहाटे कोरडं किंवा जेमतेम ओलं फडकं वीस गाड्यांवरून फिरतं आणि पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीवर घासली जाते. आपल्याकडची धूळ साधी नसते. शिरोली, गोकुळ शिरगाव भागात फाउंड्र्या, म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने, आहेत. तिकडं रोज गाडी जात असेल तर लोखंडाचे बारीक कण पत्र्यावर बसतात. ते घासले की चरा, आणि रुतून बसले की काही दिवसांनी तांबूस ठिपका. पांढऱ्या गाडीवर हात फिरवून बघा, खरखर लागते ती त्याचीच.

वॉचमनचा रोजगार तोडू नका. त्यांना तेवढेच पैसे द्या आणि सांगा, रोज फक्त काचा आणि आरसे पुसायचे, आणि आठवड्यातून एकदा पाणी ओतून दोन बादल्यांनी धुवायची. हातमोजा आणि टॉवेल तुमचे तुम्ही द्या. ते घरी वेगळे धुवा, इतर कपड्यांत टाकू नका, कंडिशनर घालू नका. धूळ-पानं झाडायचा ब्रशही काढून ठेवा.

पडलेले चरे पक्क्या रंगावर असतील तर हलक्या पॉलिशनं जातात. पण आधी फडकं बंद, मग पॉलिश. उलट क्रमानं केलंत तर दर सहा महिन्यांनी क्लिअर झिजवत बसाल, आणि एक दिवस ते संपेल.

प्रश्न : बोअरच्या पाण्यानं धुतलं की पांढरे ठिपके पडतात. म्हणून पंचगंगेच्या घाटावर धुतली तर चालेल का?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

उत्तर : नाही. गाडीचं तेल, ग्रीस आणि साबण थेट नदीत जातो, आणि तेच पाणी खालच्या गावांत लोक वापरतात. रंकाळा तलावालाही तेच लागू. घरीच धुवा, बोअरच्याच पाण्यानं, फक्त शेवटचे दोन-तीन मग नळाचं पाणी ओता आणि लगेच टिपून घ्या. ठिपका म्हणजे पाणी उडून गेल्यावर मागं राहिलेला क्षार. पाणी वाळू दिलं नाही तर तो पडत नाही. आधीचे ठिपके असतील तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर मिसळून ओल्या कापडानं टिपा आणि धुऊन टाका, पण हे महिना उलटून गेलेल्या रंगावरच.