घरट्यासमोरून उठू नकोस

लेकरा,

घरचे म्हणतात तसं लातूरला शाळेवर लागायचं, की बंगळुरूच्या जनुकांच्या प्रयोगशाळेत जायचं, आणि गेलीस तर तुझ्या गांधीलमाश्यांचं काय? पत्र दोनदा वाचलं. मी एकच सांगणार: घरट्यासमोरून उठू नकोस.

हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञाचा १९६४चा हिशोब तुला पाठ आहे. गांधीलमाशीचा नर अफलित अंड्यातून येतो, त्यामुळं बहिणीबहिणींची पाऊण जनुकं सारखी, पाऊण नातं, म्हणून स्वतः अंडी न घालता बहिणी वाढवायच्या. पण राणी एकाहून जास्त नरांशी जुगली की पाऊण कुठलं उरतं? वाळवीत तर नर-मादी दोघंही राबतात, तिथं हे गणित लागूच नाही. कीटकशास्त्रज्ञ राघवेंद्र गदगकर बंगळुरूत गांधीलमाशीच्या एकाच जातीमागे, रोपालिडिया मार्जिनाटामागे, कित्येक दशकं लागले. एकेका माशीला रंगाचा ठिपका देऊन. या जातीची राणी म्हणजे गरीब गाय. तिला उचललं की काही मिनिटांत एक कामकरी माशी बाकीच्यांवर तुटून पडते. राणी परत ठेवली की गप. नाही ठेवली तर आठवडाभरात हीच अंडी घालते. हे समोर बसलेल्या माणसाला दिसलं, बाई. बसलेल्या!

मी उठलो. कॉलेजच्या व्हरांड्यात पत्र्याखाली एकोणीस माश्यांचं घरटं होतं, प्रत्येकीला ठिपका. मार्गदर्शक म्हणाले, यावर पीएचडी होत नसते, मासे घ्या. घेतले. पाण्यात किती कीटकनाशक टाकलं की चार दिवसांत निम्मे मासे मरतात, ते मोजत बसलो. नोंदणीच्या कागदांसाठी औरंगाबादला गेलो, त्याच दिवशी शिपायानं काठीला चिंधी गुंडाळून, रॉकेलात बुडवून घरटं जाळलं. खाली पडलेल्यांपैकी चौघींचे ठिपके ओळखू आले.

भित्रा म्हणशील. म्हण. माशांच्या पीएचडीवर नोकरी लागली, तिच्यावर माझ्या दोन बहिणींची लग्नं झाली. सख्ख्या बहिणी, अर्धं नातं. हॅमिल्टनच्या हिशोबात बसतं का बघ. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, तेही कळव.

बंगळुरूला जा. जनुकं वाच, माझी हरकत नाही. पण रोज सकाळी दोन तास घरट्यासमोर. वेळ मिळत नाही हे मला लिहू नकोस, डोकं फिरतं.

जाण्याआधी इकडं ये. झिरो नंबरचा ब्रश आण, माझ्याकडच्याचे केस झडलेत. न्हाणीच्या खिडकीवर नवं घरटं धरलंय, काल सात मोजल्या. शेजारी रॉकेलची बाटली घेऊन दोनदा येऊन गेला, तू येईपर्यंत त्याला थोपवतो.