रॅकेट मोडली, धर्म बुडाला, पैसे कुठून आणायचे?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले तुमचे सासरे, नाना, वय 76. मिस्टर अंबडला कंपनीत. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा हप्ता चालू. चौदा वर्षांचा मुलगा टेनिस खेळतो. गेल्या महिन्यात हातातली मॅच घालवल्यावर त्याने रॅकेट कोर्टवर आपटून मोडली. नाना म्हणाले, घरात देवाला कोणी विचारत नाही, दुसरं काय होणार, धर्म बुडाला. उपाय म्हणून त्यांना त्र्यंबकला नारायण नागबळी हा पितरांचा विधी आणि सिंहस्थात अन्नदान करायचं आहे, मिळून अडीच लाख. मिस्टरांनी तोवर पोराला नवी रॅकेट क्रेडिट कार्डावर हप्त्याने घेऊन दिली. आता घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, आणि तुम्ही विचारताय, बरोबर कोण?

तुमच्याकडे तीन वेगळी भांडणं एकात एक घुसली आहेत. रॅकेटचा प्रश्न नानांनी देवाकडे नेला, देवाचा प्रश्न पैशाकडे गेला आणि पैशाचा प्रश्न कार्डावर ढकलला गेला. आधी ती सुटी करा. मी बँकेत नोकरी केली, मुलगी ज्युनिअर टेनिस खेळली, माहेर पंचवटीतलं. त्यामुळे तिन्हींबद्दल थोडं थोडं बोलायचा हक्क आहे असं मी धरून चालते.

धर्म बुडाला हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. जिथे धर्म खरोखर ओसरतोय तिथले आकडे बघा. इंग्लंड-वेल्सच्या 2011 च्या जनगणनेत स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे 59.3 टक्के होते, 2021 मध्ये 46.2 झाले. कुठलाच धर्म नाही म्हणणारे 37 टक्क्यांवर गेले. अमेरिकेत 1999 मध्ये सत्तर टक्के लोक कुठल्या तरी चर्चचे किंवा प्रार्थनास्थळाचे सदस्य होते, 2020 मध्ये 47. याला ओसरणं म्हणतात. आपल्याकडे प्यू या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने 2019-20 मध्ये सुमारे तीस हजार लोकांना विचारलं, तर 97 टक्के म्हणाले देव आहे, आणि साधारण साठ टक्के रोज प्रार्थना करतात. 2011 च्या जनगणनेत धर्म न सांगणारे पाव टक्काही नव्हते. मग बुडालं काय? नानांच्या लहानपणची पद्धत बुडाली. सोवळं, सायंकाळची शुभंकरोती, एकादशीला घरात तांदूळ न शिजणं. त्याचं वाईट वाटणं मला समजतं, मलाही वाटतं. पण तुमचाच मुलगा ढोलपथकात आहे असं तुम्ही लिहिलंय. गणपतीच्या आधी रोज संध्याकाळी दोन तास कमरेला ढोल बांधून उभं राहायचं, हाताला फोड येईपर्यंत, तेही कोणी न सांगता. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उड्या मारायला तो जातच असणार. नानांना हे धर्मात धरायचं नाही, कारण त्यात पाठांतर नाही.

आणि जुना काळ फार धार्मिक होता म्हणताना आपल्या गावाने एक गोष्ट विसरू नये. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा गावातलं धर्मपालन आजच्यापेक्षा कितीतरी कडक होतं. त्याच कडकपणाने दार लावून घेतलं होतं. पाच वर्षं वाट बघून 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी येवल्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. त्या दिवसांतली कर्मठपणाची उंची मोजून आजची घसरण काढायची असेल तर मला तो हिशेब मान्य नाही. गर्दीवरूनही मोजू नये. सिंहस्थात लाखोंनी लोक येतात म्हणून श्रद्धा वाढली, आणि नातू देवघरात बसत नाही म्हणून ती संपली, ही दोन्ही मापं कच्ची आहेत. नाना देवाचं करतात ते त्यांना करू द्या. पोराने करावं म्हणून कोणी मागे लागू नका, आणि पोरानेही नानांच्या पूजेवर विनोद करू नयेत. यावर माझ्याकडे याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

रॅकेटचं मात्र सविस्तर लिहिते, कारण तुम्ही लिहिलंय, 'टीव्हीवर सगळेच मोडतात, म्हणून तो शिकला.' सगळेच मोडत नाहीत. राफेल नदालने अख्ख्या व्यावसायिक कारकिर्दीत एकदाही मोडली नाही. लहानपणी टोनीकाकाने बजावलं होतं, ज्या दिवशी रॅकेट फेकशील त्या दिवसापासून मी शिकवणार नाही. फेडरर पोरवयात तुमच्या चिरंजीवांसारखाच होता. स्वित्झर्लंडमध्ये बीलच्या राष्ट्रीय केंद्रात त्याने रॅकेट भिरकावली ती नव्या कोऱ्या पडद्यात घुसली, आणि शिक्षा म्हणून त्याला पहाटे उठून साफसफाई करावी लागली. म्हणजे हा स्वभाव बदलतो. बदलायला लावणारा माणूस लागतो.

आणि टीव्हीवर जे मोडतात त्यांना पुढे काय भरावं लागतं, ते पोराला दाखवा. टेनिसची पद्धत पायऱ्यांची आहे. पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा एक पॉइंट जातो, तिसऱ्यांदा अख्खा गेम, आणि मग मॅचमधून बाहेर काढायचं का ते सुपरवायझर ठरवतो. प्रकार गंभीर असेल तर पायऱ्या न मोजता थेट बाहेर. यूएस ओपन 2020 मध्ये जोकोविच त्या वर्षी एकही मॅच हरला नव्हता, जगात पहिला होता. वैतागून न बघता मागे चेंडू मारला, तो लाइनवरच्या पंच बाईंच्या गळ्याला लागला. मुद्दाम मारला नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं, तरी स्पर्धेतून गेला. अडीच लाख डॉलरची बक्षीस रक्कम गेली, वर दंड. झ्वेरेवने 2022 मध्ये अकापुल्कोला अंपायरच्या खुर्चीवर रॅकेट हाणली, तर त्याला स्पर्धेतून काढलं आणि चाळीस हजार डॉलर दंड केला. मॅकेन्रोचा किस्सा सगळ्यात बोलका आहे. 1990 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला, त्या वेळी, चार पायऱ्यांच्या तीन झाल्या होत्या, ह्याच्या डोक्यात जुनाच नियम. अजून एक पायरी शिल्लक आहे समजून तोंड चालवत राहिला आणि बाहेर गेला.

माझ्या मते ही पद्धत पूर्ण न्यायाची नाही. 2023 च्या फ्रेंच ओपनमध्ये मियू काटो या जपानी मुलीने समोर सहज परत पाठवलेला चेंडू बॉलगर्लला लागला, तर तिलाही दुहेरीतून बाहेर काढलं, आणि मोठमोठे खेळाडू वर्षानुवर्षं अंपायरला वाटेल ते बोलून सुटतात. (तीच काटो त्याच स्पर्धेत मिश्र दुहेरी जिंकली, हेही पोराला सांगा.) तरी त्या पद्धतीत घरी आणण्यासारखं एक आहे: नियम आधी माहीत असतो, आणि किंमत ज्याची त्यालाच भरावी लागते. तुमच्या घरी रॅकेट पोराने मोडली, बोलणी सुनेला बसली, पैसे बापाने भरले आणि प्रायश्चित्त आजोबा घेणार आहेत. मोडणाऱ्याला काय लागलं? नवी रॅकेट मिळाली.

अजून एक. तुम्ही मॅचला जाता तेव्हा स्कोअर सोडून कॉल बघा. ज्युनिअर स्पर्धांत बहुतेक मॅचना खुर्चीवर अंपायर नसतो, आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर हे आपणच सांगायचं, आणि शंका असेल तर पॉइंट समोरच्याचा. मातीच्या कोर्टवर ठसा उमटतो. पोरगं बोट वर करतं, समोरचं नेटपाशी येऊन विचारतं, 'मार्क दाखव.' मग हे रॅकेटच्या टोकाने ठशाभोवती गोल काढतं. कधी ठसा लाइनला चाटलेला असतो, आणि ते पोरगं एक क्षण खाली बघत राहतं. कुंपणापलीकडे बसलेल्या आईबापांना तिथून काही दिसत नाही, तरी तेच आधी ओरडतात. 2023 च्या यूएस ओपनच्या दुहेरीच्या फायनलमध्ये चेंडू आपल्या हाताला चाटून गेला हे रोहन बोपण्णाने स्वतः सांगितलं आणि पॉइंट देऊन टाकला. अंपायरच्या ते लक्षातही आलं नव्हतं. फायनल हरले. नाना ज्याला संस्कार म्हणतात तो तुमच्या पोरात आहे की नाही, हे बघायचं असेल तर ती जागा मार्क दाखवताना आहे. नानांना एकदा मॅचला घेऊन जा. निवांत, सावलीत खुर्ची देऊन.

आता पैसे.

पहिलं म्हणजे टेनिसकडे गुंतवणूक म्हणून बघू नका. 2023 च्या सप्टेंबरमध्ये सुमित नागलने सांगितलं होतं की त्याच्या खात्यात जेमतेम नऊशे युरो आहेत, म्हणजे ऐंशी हजार रुपये. तेव्हा तो भारतातला पहिल्या नंबरचा एकेरीचा खेळाडू होता. वर्षभर फिरायचा, कोचचा आणि फिजिओचा खर्च कोटीच्या घरात, जिंकलेलं सगळं त्यात गेलेलं. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनला त्याने मानांकित बुब्लिकला हरवलं तेव्हा कुठे हात सुटला. देशातल्या पहिल्याची ही गत, तर पोराला खेळू द्या ते खेळासाठी. वर्षाचा आकडा ठरवा, त्यात कोचिंग, गटिंग (रॅकेटच्या तारा), बूट, एन्ट्री फी, पुण्या-मुंबईचं जाणं-येणं, राहणं सगळं आलं पाहिजे. तो आकडा पोराला सांगा, चौदा वर्षांच्या मुलाला हिशेब कळतो. रॅकेट मोडली तर त्याच आकड्यातून, म्हणजे दोन स्पर्धा कमी. नवी रॅकेट घेतली आहे ती घेतली, पण तिचे पैसे यंदाच्या आकड्यातून वजा करा आणि हे त्याच्यासमोर करा.

नानांचे अडीच लाख. हे पैसे कोणाचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर आहे. त्यांचे स्वतःचे असतील तर 'नको' म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही. फक्त मुद्दल मोडू नका म्हणून सांगा. निवृत्तीची रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत असेल तर दर तिमाहीला व्याज खात्यात येतं. वर्ष-दीड वर्षाचं व्याज बाजूला काढलं तर अन्नदान त्यातून होतं आणि औषधपाण्याची रक्कम शाबूत राहते. दान संस्थेला देणार असाल तर पावती घ्या. 80जी ची करसवलत फक्त जुन्या कररचनेत मिळते, आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. पैसे मुलाकडून हवे असतील, तर हप्ता, विमा, शाळेची फी आणि सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी झाल्यावर उरेल त्यातून. कर्ज काढून विधी करा असं कुठलंही शास्त्र सांगत नाही, नानांनाही हे पटेल. नारायण नागबळी तीन दिवसांचा विधी असतो. करायचाच असेल तर दक्षिणा, सामान, राहणं-जेवण सगळं गुरुजींशी आधी बोलून कागदावर घ्या. तिथे ऐन वेळी संकोचाने माणूस बोलत नाही आणि आकडा वाढत जातो. विधी पितरांसाठी करा, नातवाच्या रागासाठी नको. उद्या त्याने परत रॅकेट आपटली तर नानांना वाटेल विधीत काही राहिलं.

सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे, अमृतस्नानं 2027 मध्ये 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि मग नाशकात 11 सप्टेंबर, त्र्यंबकला 12 सप्टेंबर. नानांना या चार दिवशी रामकुंडाकडे नेऊ नका. 27 ऑगस्ट 2003 ला आपल्याच गावात चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. पर्वकाळ वर्षभर असतो, साध्या मंगळवारी सकाळी नेऊन आणा. अन्नदानही त्या चार दिवसांच्या आगेमागे केलं तर जास्त उपयोगी पडतं, तेव्हा जेवण वाढणारे कमी असतात.

राहिलं कार्ड. तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय की रॅकेटशिवाय जुने सव्वा लाख त्यावर थकलेत, दर महिन्याला 'मिनिमम' भरता, आणि नानांना हे माहीत नाही. ताई, तुमच्या अख्ख्या पत्रातली मला घाबरवणारी ओळ ही आहे. थकलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. घरकर्जाचा दर त्याच्या पाव भागही नसेल. तुम्ही एकट्या नाही, 2022-23 मध्ये देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली होती, कित्येक दशकांत इतकी कमी नव्हती. पण त्याने तुमचं व्याज थांबत नाही. अन्नदान, स्पर्धा, सगळं यानंतर. बँकेत जाऊन पर्सनल लोनचा दर विचारा, तो निम्म्याहून कमी असेल. त्यातून कार्ड एकरकमी फेडा आणि मिस्टरांसमोर कात्रीने कापा. एखादी एफडी असेल तर मोडा, सात टक्के मिळवत चाळीस भरण्यात अर्थ नाही. आणि नानांना सांगा. आयुष्यभर नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये काढलेला माणूस आहे, एक नोट कमी भरली तर सगळा विभाग थांबवून ठेवतात अशा ठिकाणचा. व्याजाचा आकडा ऐकून ते अडीच लाखांचं काय करायचं ते स्वतःच ठरवतील. मिस्टर नको म्हणत असतील तर आधी त्यांना हे उत्तर वाचायला द्या, आणि कार्डाचं शेवटचं स्टेटमेंट बघून थकलेली नेमकी रक्कम, व्याजाचा दर आणि ड्यू डेट इथे लिहा. कुठल्या बँकेचं आहे ते लिहू नका. हप्ता किती बसेल ते मी काढून देते.