नवस भीतीचा की भक्तीचा?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलाला डेंग्यू झाला आणि त्याच्या प्लेटलेट्स घसरू लागल्या, तेव्हा सासूबाई तुळजापूरच्या देवीला ओटी भरण्याचा नवस बोलल्या. मुलगा बरा झाला. मात्र गुडघ्यांमुळे त्यांना अद्याप जाता आलेले नाही. आता घरात कोणाला साधा ताप आला तरी ‘नवस राहिला’ असे म्हणून त्या कासावीस होतात. ही भक्ती आहे की केवळ भीती?

उत्तर : भीती आहेच, परंतु ‘केवळ’ म्हणता येणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिलेल्या मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांना असे आढळले, की तेथील लोक किनाऱ्याजवळच्या शांत, उथळ पाण्यात मासेमारीला जाताना मंत्रतंत्र करीत नसत. खुल्या समुद्रात जाताना मात्र, जेथे जिवाला धोका होता आणि मासळीचीही शाश्वती नव्हती, विस्तृत विधी करीत. सासूबाईंनीही सलाईनऐवजी नवस केला नाही. डॉक्टरांचे उपचार चालू असताना, आपल्या हाती काही उरले नाही असे वाटले, तेव्हा केला.

भीतीतून जन्मलेला आचार भीती सरल्यावर नाहीसा होतोच असे नाही. आपल्याकडे स्मॉलपॉक्स या रोगालाच ‘देवी’ म्हणत आणि लस टोचण्याला ‘देवी काढणे’. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला, तरी श्रावणातील शीतला सप्तमीला, म्हणजे या रोगाची देवता मानलेल्या शीतलेच्या सणाला, चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न खाणारी घरे आजही आहेत. त्या दिवशी त्यांना रोगाची धास्ती नसते. आजीच्या हातच्या गार दहीभाताची आठवण आणि मुलाबाळांविषयीची माया असते.

सासूबाईंचे मन अजून पहिल्या, म्हणजे भीतीच्या, टप्प्यावर अडले आहे. आपण नवस ‘फेडतो’, म्हणजे त्याला कर्ज मानतो, आणि थकलेल्या कर्जाची टोचणी तर्काने जात नाही. नवसाने मुले होत असतील तर नवरा कशाला करायचा, असे तुकोबांनी रोखठोक विचारले, तरी नवस थांबले नाहीत. तेव्हा तुम्ही वाद घालून काय साधणार?

त्यापेक्षा, त्यांना चालत असेल तर, त्यांच्या वतीने मुलाला घेऊन तुम्हीच ओटी भरून या. तुमचा नवसावर विश्वास आहे की नाही, हे तेथे कोणी विचारत नाही. ओटीचा खण मात्र सासूबाईंनाच निवडू द्या.