वैद्यांना विचारा : चूर्णाच्या डबीआधी जेवणाचं घड्याळ

प्रश्न : मी इचलकरंजीत यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे. वय ४१. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. गेली काही वर्षं सकाळचा चहा झाला की तीन-चारदा परसाकडे जावं लागतं. चिकट होतं, आव पडते, पोट गुरगुरतं. मधेच दोन दिवस काहीच होत नाही. दुर्बिणीची तपासणी नॉर्मल आली, डॉक्टरांनी आयबीएस (तपासणीत दोष न दिसताही पोट वारंवार बिघडणं) सांगितलं. कुटजघनवटी (कुड्याच्या सालीची गोळी), बेलाचा मुरांबा, ओळखीतल्या एकांनी दिलेली काळी पुडी असं सगळं करून झालं. मुळापासून बरं करणारं औषध सांगा.

उत्तर : तपासणी आधी करून घेतलीत हे फार बरं झालं. पुष्कळ जण ती चुकवून थेट माझ्याकडे येतात आणि मग मलाच त्यांना तिकडे पाठवावं लागतं. पुढे कधी शौचात रक्त दिसलं, वजन उतरलं, झोपेतून उठून जावं लागलं, ताप येऊ लागला किंवा अंगातलं रक्त कमी भरलं, तर जुन्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका. लगेच डॉक्टरांना गाठा.

आयुर्वेदात ग्रहणी नावाचा पचनाचा विकार सांगितलाय, त्याच्याशी तुमची लक्षणं बरीच जुळतात. कधी बांधून, कधी पातळ, सोबत आव. ग्रहणी आणि आयबीएस अगदी एकच आहेत असं मी म्हणणार नाही, ग्रहणीचा आवाका मोठा आहे. पण चरकसंहितेत ग्रहणीचं जे कारण पुन्हा पुन्हा येतं ते तुमच्या पाळ्या बघता तुमच्याकडेही असावं : अवेळी, कधी जास्त, कधी कमी खाणं. तुम्ही औषधांची यादी मोठी दिलीत, पण रात्रपाळीत काय आणि किती वाजता खाता याबद्दल एक ओळ नाही. म्हणून अंदाजानं लिहिते. संध्याकाळी भूक नाही म्हणून थोडंसं, रात्री दोनला गाडीवरचा वडापाव नाहीतर भडंग, झोप येऊ नये म्हणून चहावर चहा, आणि सकाळी सुटल्यावर कट मारलेली मिसळ. आमच्या सांगलीकडेही हेच चालतं.

रात्रपाळी असेल तेव्हा मुख्य जेवण कामावर जाण्याआधी, साडेसात-आठला, पोटभर करा. भाकरी, दुधी-दोडका-पडवळ यांपैकी एखादी भाजी, मुगाचं वरण, भात, तूप. पोटभर म्हणजे आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांच्या हिशेबानं : पोटाचे दोन भाग अन्नाला, एक पातळ पदार्थांना, एक मोकळा. मध्यरात्री भूक लागली तर डब्यातली मऊ मुगाची खिचडी किंवा तांदळाची पेज. चहा एकदाच, तोही पोटात काही गेल्यावर. सकाळी घरी आल्यावर मऊ भात, मेतकूट, तूप खाऊन झोपा. दिवसपाळीच्या आठवड्यातही जेवणाच्या वेळा रोज त्याच ठेवा, कारण तुमच्या पोटाला पदार्थापेक्षा वेळेची उलथापालथ जास्त छळते असं मला वाटतं.

आता ताक. ग्रहणीला ताकाइतकं जवळचं दुसरं काही नाही, पण ते ताक असावं. आंबट दह्यात पाणी ओतून ढवळलेलं नको. रात्री विरजलेलं, सकाळी नुकतं लागलेलं गोडसर दही पाणी घालून घुसळा, लोणी काढून घ्या, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सुंठ आणि सैंधव घाला. दुपारच्या जेवणासोबत वाटीभरानं सुरुवात करा. रात्री नको. त्याआधी दोन आठवडे नुसतं दूध पूर्ण बंद करून बघा, चहातलंसुद्धा. निम्मा त्रास तिथेच गेला तर दूध पचत नाही हे कळेल आणि ताकही बेतानं घ्यावं लागेल.

औषधात हिंग्वाष्टक चूर्ण पाव चमचा, जेवणाच्या पहिल्या घासात तुपातून. लोक ते जेवणानंतर पाण्यासोबत फक्की मारतात आणि गुण नाही म्हणतात. छातीत जळजळ होत असेल तर मात्र नको, ते उष्ण आहे. कुटजघनवटी पातळ होत असतानाच घ्यायची. शौचाला होत नाही त्या दिवसांतही तुम्ही ती घेत असाल, तर खडा धरण्याचं एक कारण तेच असू शकतं. बेल ग्रहणीत कोवळा, कच्चा चालतो. पिकलेला पचायला जड, आणि मुरांब्यात साखर जास्त. इसबगोल पातळ-घट्ट दोन्ही प्रकारांत उपयोगी पडतो, मात्र भरपूर पाण्यातून घ्या.

काळी पुडी आजच बंद करा. ग्रहणीवर पर्पटी नावाची औषधं वापरतात, त्यांत पारा-गंधकाची कज्जली (दोन्ही एकत्र खलून केलेली काळी पूड) असते. ते वैद्यानं समोर बसवून, मोजून द्यायचं औषध आहे. घटक, परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख नसलेल्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मुळापासून म्हणाल, तर तुमच्या कोठ्याचा स्वभाव राहणारच. लग्नसराईत, जागरणात, ताणात तो डोकं वर काढेल. पण वर्षातले बहुतेक दिवस त्याची आठवण होऊ नये इतपत नक्की जमतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, ६८ वर्षांची, चिपळूणला असते. बद्धकोष्ठासाठी रोज रात्री आयुर्वेदिक चूर्ण घेते. आधी अर्धा चमचा पुरायचा, आता दोन लागतात. नैसर्गिक आहे, तर चालू ठेवलं तर बिघडतं का? थायरॉइडची आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे.

उत्तर : बाई, डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. सोनामुखी किंवा सनाय हे नाव सापडेल. ती वनस्पती खरी, पण रेचक आहे. रोज, वर्षानुवर्षं आणि वाढत्या मात्रेत घेतली तर शरीरातलं पोटॅशियम उतरू शकतं. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर हा धोका आणखी वाढतो. डॉक्टरांना चूर्णाबद्दल सांगा आणि रक्ताची तपासणी करून घ्या. थायरॉइडही बघा, तो कमी असला तरी कोठा जड होतो. बद्धकोष्ठ अलीकडे एकाएकी वाढलं असेल तर आतड्याची तपासणी टाळू नका.

चूर्ण एकदम सोडू नका, दर आठवड्याला थोडं थोडं कमी करा. दुपारी भिजत घातलेल्या काळ्या मनुका रात्री चावून खा, कोमट दुधात चमचाभर तूप घ्या. सकाळी गरम पाणी पिऊन, यावं न यावं, रोज त्याच वेळी बसा. कमोड असेल तर पायांखाली छोटा पाट ठेवा. इसबगोल घ्यायचा तर थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी हा उपास कोठ्याला उपास वाटत नाही. वरीच्या तांदळाची पेज करा.

प्रश्न : रोज उपाशीपोटी गरम पाण्यात लिंबू आणि मध घेतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. आताशा फार जळजळ होते. ज्येष्ठमध घेऊ का? (वय ५४, डोंबिवली)

उत्तर : आधी ते लिंबू बंद करा. मध गरम करून किंवा गरम पदार्थातून घेऊ नये, हे चरकांनीच सांगून ठेवलंय. ज्येष्ठमध आम्लपित्तावर चांगलं, पण आठवडेच्या आठवडे घेतल्यास रक्तदाब वाढवतं. तुम्हाला ते नको. धने-जिरे रात्री भिजवून सकाळी गाळून प्या, रात्रीचं जेवण आठच्या आत उरका. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, किंवा जळजळीबरोबर घाम, धाप किंवा डाव्या हातात कळ आली, तर आधी ईसीजी काढा.