हललेला फोटो आणि ठरवून हलवलेला फोटो

प्रश्न : वारीतले माझे फोटो शार्प येतात, पण रिंगणातला धावता अश्व दरवर्षी सगळ्यांचा सारखाच दिसतो. यंदा शटर कमी केलं तर नुसता चिखल झाला. काय चुकलं? (अकलूज)

उत्तर : बहुधा तुम्ही शटर १/१००० सेकंदावरून एकदम १/८ वर नेलंत. इथे पॅनिंग करायचं, म्हणजे अश्वाबरोबर कॅमेरा फिरवत क्लिक करायचं. दौडताना घोड्याचं डोकं वर-खाली होतं आणि कॅमेरा आडवा कितीही सफाईने फिरवला तरी ती हालचाल त्यात धरता येत नाही. म्हणून १/६० पासून सुरुवात करा. १/३० ला पाय विरघळतात, मान आणि डोळा बऱ्याचदा टिकतो. १/१५ ला एखादीच फ्रेम हाती लागते. चित्रात एक जागा तरी ठाम हवी, नाहीतर पाहणाऱ्याला ती चूकच वाटते आणि त्याचं काही चुकत नाही. फोकसचा पॉइंट मानेवर ठेवा, फोकस कंटिन्युअस (हलत्या विषयामागे सतत जुळत राहणारा).

उभं कुठे राहता यावर निम्मं काम ठरतं. गोल रिंगणात आतल्या बाजूला जागा मिळाली, तर अश्व तुमच्याभोवती फिरतो, अंतर फारसं बदलत नाही आणि फोकस सुटत नाही. चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणात तो दोन रांगांमधून सरळ येतो. अगदी जवळून जाताना कोन इतक्या झपाट्याने बदलतो की तोंड शार्प, मागचा भाग पुसट असं होतं. तिथे जमेल तितकं लांब सरका, लेन्स मोठी घ्या.

पावलं क्लिकच्या जागेकडे रोवा, कंबर अश्व येतो त्या बाजूला वळवा आणि त्याच्याबरोबर मोकळे होत या. क्लिक झाल्यावरही फिरत राहा. बोट दाबताच थबकणं हा सगळ्यात नेहमीचा दोष. स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट थोपवणारी सोय) पॅनिंगच्या मोडवर टाका, नाहीतर लेन्स तुमचंच फिरणं थोपवायला बघते (काही लेन्सना ते आपोआप कळतं).

आषाढातल्या ढगाळ दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/११ ला (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) साधारण १/३० मिळतो, फिल्टर लागत नाही. कडक ऊन पडलं तर त्याच शटरला एफ/३२ लागेल. तिकडे जाऊ नका : विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, चित्र मऊ पडतं, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी उमटते. एनडी ८ (प्रकाश आठपट कमी करणारा काळा फिल्टर) लावा, एफ/११ वरच भागेल. व्हेरिएबल एनडी (फिरवून कमी-जास्त करता येणारा) स्वस्त पडतो, पण वाइड लेन्सवर शेवटपर्यंत फिरवला की आभाळात काळी फुली येते. आणि रिंगणात लेन्स बदलू नका.

प्रश्न : विसर्जन मिरवणुकीत लेझीमवाल्यांचे फ्लॅशने काढलेले फोटो पासपोर्टसारखे सपाट येतात. (सांगली)

उत्तर : फ्लॅश रिअर कर्टनवर टाका, म्हणजे तो शटर उघडताना (फ्रंट कर्टन) नाही तर मिटण्याआधी उडेल. आयएसओ ४००, एफ/५.६, शटर १/४ इथून सुरुवात करा. शटरभर दिव्यांच्या आणि हातांच्या रेघा उमटतात, शेवटी फ्लॅश पडून चेहरा गोठतो. फ्रंट कर्टनला हाच क्रम उलटतो, रेघा माणसाच्या पुढे जातात आणि तो मागे ओढला गेल्यासारखा दिसतो.

एक खोच आहे. टीटीएलमध्ये (फ्लॅशची ताकद कॅमेराच ठरवतो तो मोड) मोजमापासाठी आधी एक बारीक फ्लॅश उडतो. समोरच्याला वाटतं फोटो झाला, तो सैल पडतो आणि खरा फ्लॅश पाव सेकंदाने त्याच्या उतरलेल्या चेहऱ्यावर पडतो. म्हणून फ्लॅश मॅन्युअल करा, ताकद १/१६ पासून पाहा. मागे एलईडीची भिंत असेल तर शटर १/१५ वर आणा, नाहीतर चेहऱ्यातून दिवे आरपार दिसतील. गुलाल उडत असेल तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हातभर बाजूला धरा. लेन्ससमोरचे कण थेट उजळले की पांढऱ्या चकत्या येतात.

प्रश्न : स्पर्धेत परीक्षक ‘हललाय’ म्हणून बाद करतात. (नाशिक)

उत्तर : काही करतील. छायाचित्रकार अर्न्स्ट हास यांनी १९५० च्या दशकात स्पेनमधल्या बैलझुंजी संथ शटरने रंगीत टिपल्या, त्या आज अभ्यासल्या जातात, पण प्रत्येक परीक्षकाने त्या पाहिलेल्या असतीलच असं नाही. एकच फोटो न देता, नियम परवानगी देत असतील तिथे, एकाच तंत्रातले चार-पाच द्या. मग हेतू दिसतो. एका फ्रेममध्ये तो सिद्ध करणं फार अवघड.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. (मडगाव)

उत्तर : दिवसा प्रो मोडमध्ये (शटर स्वतः ठरवता येतं तो मोड) संथ शटरचा प्रयत्न केलात तर पांढरा कागद मिळेल. बहुतेक मोबाइलचं अॅपर्चर बदलत नाही. एफ/१.८ आणि आयएसओ ५० ला उन्हात १/४००० लागतो, तिथून १/४ म्हणजे दहा स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). संध्याकाळी दिवे लागल्यावर १/८ ते १/२ सहज जमतं. फोन खांबाला टेकवा आणि क्लिकला दोन सेकंदांचा टायमर लावा, बोटाचा धक्का बसत नाही. आयफोन असेल तर लाइव्ह फोटो काढून नंतर ‘लाँग एक्स्पोजर’ निवडा. तो साधारण तीन सेकंदांच्या फ्रेम एकात मिसळतो, म्हणून भर दुपारीही चालतो, फक्त कडा थोड्या कापल्या जातात. चौकट जरा सैल ठेवा.