वकिलाची सही आणि वकिलाचा सल्ला

प्रिय मुली,

काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "ताई, सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंटला वकिलाची सही कायद्यानंच लागते म्हणे. शुक्रवारी अर्ध्या तासात उरकून येते." त्या 'उरकून येते'मुळे हे पत्र लिहितेय. फोनवर तुला धीर देण्यातच वेळ गेला. जे सांगायला हवं होतं ते राहून गेलं.

तू ब्रिटनमध्ये नोकरी करतेस, तेव्हा इथला कायदा आधी नीट समजून घे. सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट म्हणजे नोकरी संपताना कंपनीनं पैसे द्यायचे आणि तू तिच्याविरुद्धच्या तक्रारी सोडून द्यायच्या, असा करार. १९९६च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टमध्ये २०३ क्रमांकाचं कलम आहे. नोकरदारानं आपले कायदेशीर हक्क सोडून दिले असं लिहून घेणारा करार या कलमानं मुळातच निरर्थक ठरतो. सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट हा त्याला असलेला अपवाद, आणि तो अटी पाळल्या तरच चालतो. करार लेखी हवा. कोणत्या तक्रारी मिटवल्या जात आहेत ते त्यात हवं. तुला स्वतंत्र सल्लागारानं सल्ला दिलेला हवा, त्याचा व्यवसायाचा विमा हवा, त्याचं नाव करारात हवं. या अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर तू पैसे घेऊनही उद्या ट्रायब्युनलकडे, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या न्यायाधिकरणाकडे, जाऊ शकतेस, आणि कंपनीला नेमकी तीच भीती असते. म्हणून तर ती तुला वकिलाकडे जायचा आग्रह करते आणि फीचा काही भाग स्वतः भरते. फी भरणं कायद्यानं बंधनकारक नाही, पण तशी पद्धत पडली आहे.

आता यातली खरी गोम. कायदा वकिलाकडून किमान एवढंच मागतो की त्यानं करारातल्या अटी आणि त्यांचा परिणाम तुला समजावावा, विशेषतः ट्रायब्युनलकडे जाण्याच्या हक्काचं काय होतं ते. देऊ केलेली रक्कम तुझ्या प्रकरणाच्या मानानं योग्य आहे की नाही, हे त्यानं सांगितलंच पाहिजे असं कलमात कुठंही नाही. कंपनीनं देऊ केलेली फी बहुतेक वेळा त्या किमान कामापुरतीच असते. तू जाशील, तो कलमं वाचून दाखवेल, "समजलं का?" विचारेल, तू हो म्हणशील, तो सही करेल. कायद्याचं समाधान होईल. तुझं काय?

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण मी स्वतः तशीच सही करून आले होते. २००९ची गोष्ट. तेव्हा या कराराला कॉम्प्रोमाइज अ‍ॅग्रीमेंट म्हणायचे, सेटलमेंट हे नाव २०१३मध्ये आलं. बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाले तर माझं काम दुसऱ्याकडे गेलेलं, आणि सहा महिन्यांत माझं पद 'रद्द' झालं. मी फक्त कराराचा मसुदा घेऊन वकिलाकडे गेले. माणूस चांगला होता, घाईत नव्हता. शेवटी त्यानं पेन हातात घेऊन विचारलं, "आणखी काही सांगण्यासारखं आहे का?" मी नाही म्हणाले. रजेचं, काम काढून घेतल्याचं, बैठकांना न बोलावल्याचं, काहीच बोलले नाही. मला वाटलं, या पैशाच्या कागदाशी त्याचा काय संबंध? आणि खरं सांगायचं तर ते बोलताना रडू येईल अशी भीती वाटली. पंचवीस मिनिटांत बाहेर पडले. ज्या वर्षभर मी राबले होते त्याचा बोनस पाच आठवड्यांनी जाहीर झाला. माझ्या करारात 'सर्व देणी पूर्ण आणि अंतिम' असं लिहिलेलं होतं, आणि खाली माझी सही होती. वकिलाचा दोष नव्हता. त्याला जे सांगितलं त्यावरच त्यानं सल्ला दिला.

आता काल तू काय म्हणालीस ते आठव. फेब्रुवारीत तू तुझ्या उच्चारांवरून होणाऱ्या शेरेबाजीबद्दल एचआरकडे लेखी तक्रार केलीस. एप्रिलमध्ये तुला बोलावून तुझं पद रद्द होतंय असं सांगितलं. आणि मग तू म्हणालीस, "ते जाऊ दे, त्याचं आता काय." तेच जाऊ द्यायचं नाही! शुक्रवारी सगळ्यात आधी तेच सांग. भेदभावाच्या तक्रारीला इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० लागू होतो, त्याला नोकरीत अमुक वर्षं झाल्याची अट नाही आणि भरपाईला वरची मर्यादा नाही. तक्रार केली म्हणून कोणाला त्रास देणं हाही याच कायद्याखाली वेगळा ठपका आहे, फौजदारी नव्हे पण ट्रायब्युनलमध्ये मोजला जाणारा. तुझं प्रकरण तिथं टिकेल का, ते मी सांगू शकत नाही, वकीलच सांगेल. पण त्याला माहीतच नसेल तर तो कसं सांगणार? हा हक्क तू या सहीनं सोडणार आहेस. निदान तो काय मोलाचा होता हे कळल्यावर सोड.

म्हणून आज रात्री बसून एक पान लिही. फक्त तारखा आणि त्या दिवशी काय झालं. भावना नकोत, विशेषणं नकोत. रुजू झाल्याची तारीख, पगारवाढी, तक्रारीचा ईमेल, त्याला आलेलं उत्तर, बैठक, बैठकीत कोण होतं, कोण काय म्हणालं. त्यासोबत नेमणुकीचा मूळ करार, शेवटच्या तीन पे-स्लिप, बोनस किंवा शेअर ऑप्शनचे कागद, रजेचा हिशोब. हे सगळं वकिलाला भेटीच्या आदल्या दिवशी पाठव, म्हणजे तो अर्धा तास वाचण्यात जाणार नाही. मात्र कंपनीचे गोपनीय कागद स्वतःच्या ईमेलवर ढकलू नकोस. त्यावरूनच उलट तुझ्यावर ठपका येऊ शकतो.

एचआरनं दिलेल्या यादीतलाच वकील घ्यायला हवा असं नाही. त्या यादीत चांगले लोक असतीलही, पण तू आपला शोध, नोकरीच्या कायद्याचंच काम करणारा. रकमेबद्दलही सल्ला हवा आहे हे आधीच सांग आणि त्याचे किती पैसे पडतील ते लेखी माग. घराच्या विम्यात कायदेशीर खर्चाचं संरक्षण आहे का तेही बघ. पुष्कळांच्या पॉलिसीत ते असतं आणि त्यांना पत्ता नसतो. युनियनची सभासद असशील तर युनियननं लेखी प्रमाणित केलेला पदाधिकारीही हा सल्ला देऊ शकतो.

सोमवारपर्यंत सही द्या म्हणाले ना? अकॅस ही इथली नोकरीतले वाद मिटवायला मदत करणारी सार्वजनिक संस्था. तिच्या संहितेत अशा प्रस्तावावर विचार करायला निदान १० दिवस द्यावेत असं आहे, दोन्ही बाजूंनी वेगळं ठरवलं नसेल तर. साधा ईमेल लिही की प्रस्ताव मिळाला, त्यावर स्वतंत्र सल्ला घेते आहे आणि संहितेनुसार वेळ हवा आहे. भांडणाचा सूर नको. हे रोजचं आहे, एचआरला याचं नवल वाटणार नाही. दुसऱ्या बाजूला एक घड्याळ मात्र तुझ्याविरुद्ध चालू असतं. ट्रायब्युनलकडे जायची मुदत ठरलेली असते, आणि बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही. तुझी शेवटची तारीख कोणती, हे वकिलाकडून पहिल्या पाच मिनिटांत लिहून घे.

आणि व्हिसा. काल तू याचा उल्लेखही केला नाहीस आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी आहे. तू स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेस. नोकरी संपली की स्पॉन्सर कंपनीला, म्हणजे जिच्या नोकरीवर तुझा व्हिसा आहे तिला, ते १० कामकाजी दिवसांत होम ऑफिसला, इथल्या गृहखात्याला, कळवावं लागतं. मग होम ऑफिसचं पत्र येतं आणि सर्वसाधारणपणे ६० दिवस मिळतात, व्हिसा त्याआधीच संपत असेल तर त्याहूनही कमी. तेवढ्यात नवा स्पॉन्सर शोधायचा किंवा देश सोडायचा. याचा अर्थ करारातली नोकरी संपण्याची तारीख तुझ्यासाठी रकमेइतकीच, कदाचित जास्तच मोलाची आहे. नोटिशीचे पैसे एकदम देऊन उद्याच मोकळं करण्याऐवजी तो काळ गार्डन लीव्हवर, म्हणजे काम न करता पण पगारावर नोकरीत राहून, काढू द्याल का, असं वकिलाकरवी विचारून बघ. कंपनीला त्यात फारसा फरक पडत नाही, तुला नोकरी शोधायला महिने मिळतात. नोकरीच्या कायद्याचा वकील इमिग्रेशनमधला जाणकार असेलच असं नाही, तेव्हा त्या बाजूचा सल्ला वेगळा घे.

पैशाचं थोडक्यात सांगते. नोकरी गेल्याची भरपाई म्हणून मिळणाऱ्या रकमेतले ३०,००० पौंडांपर्यंत सहसा करमुक्त असतात. पण पगार, बोनस आणि न घेतलेल्या रजेचे पैसे यांवर नेहमीसारखा कर लागतो, आणि एप्रिल २०१८पासून नोटिशीच्या काळाच्या पैशांनाही त्यातून सूट नाही. म्हणून मोठा आकडा बघून हुरळू नकोस, प्रत्येक रकमेसमोर ती कशाची हे लिहिलेलं असलं पाहिजे. पद खरंच रद्द झालं असेल तर दोन वर्षांपेक्षा जास्त नोकरी झाल्यामुळे कायद्याची रिडन्डन्सी पे, म्हणजे पद रद्द झाल्याची भरपाई, तुला तशीही मिळणारच. तुझ्या वयाला पूर्ण झालेल्या वर्षामागे एक आठवड्याचा पगार, त्यालाही मर्यादा आहे. नोटिशीचे पैसे आणि रजेचे पैसेही तुझेच. या तिन्ही रकमा एकूण आकड्यातून वजा कर. जे उरेल ती तुझ्या सहीची किंमत. मला वाटतं ती वजाबाकी करशील तेव्हा तू स्वतःच सोमवारची घाई सोडशील.

मसुद्यातल्या दोन-तीन ओळींवर बोट ठेवून वकिलाला विचार. 'मला दुसऱ्या नोकरीचा प्रस्ताव मिळालेला नाही' अशी हमी असेल. तुझी एक मुलाखत पुढच्या फेरीत गेली आहे, सहीच्या दिवशी ती ओळ खरी असली पाहिजे, नाहीतर पैसे परत मागितले जाऊ शकतात. गुप्ततेच्या कलमात नवऱ्याला, वकिलाला, करखात्याला सांगायची मोकळीक आहे का बघ. गैरप्रकार उघड करण्याचा कायद्यानं दिलेला हक्क कुठल्याही करारानं हिरावता येत नाही, आणि चांगल्या मसुद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. साठलेली पेन्शन आणि अजून लक्षात न आलेली शारीरिक इजा या गोष्टी बाहेर ठेवल्यात का तेही बघ. मूळ करारात नसलेलं 'स्पर्धक कंपनीत जाणार नाही' असं काही हळूच घुसलंय का? आणि रेफरन्स. तोंडी 'चांगलंच लिहू' यावर विसंबू नकोस. रेफरन्सचा मजकूर शब्दशः करारासोबत जोडून घे. पुढच्या कित्येक वर्षांत जे उपयोगी पडणार आहे ते हेच.

मसुदा म्हणजे छापील फॉर्म नव्हे. बदल मागता येतात, आणि मागितले म्हणून प्रस्ताव मागे घेतला जाईल अशी भीती सगळ्यांना वाटते, मलाही वाटली होती. तसं क्वचित होतं. पण काय मागायचं आणि किती ताणायचं हे ठरवायला वकिलाला तुझी पूर्ण हकिगत ठाऊक हवी. बोलताना रडू आलं तर येऊ दे. त्या खोलीत रडलेली तू पहिली नसशील.

गुरुवारी संध्याकाळी मी मोकळी आहे. तारखांचं ते पान घेऊन फोन कर, दोघी मिळून वाचू. फेब्रुवारीतला तो ईमेल सापडत नसेल तर आजच शोधायला लाग. ऑफिसचा लॉगिन कधी बंद करतील याचा नेम नाही, आणि तो बंद झाला असेल तर तक्रारीची प्रत एचआरकडून कशी मागायची हेही वकिलाला विचारायच्या यादीत लिहून ठेव.

तुझी,
ताई